बोलावून आणलेला ताप

उभ्या मंगळवार पेठेत आमच्या घरमालकिणीनं आयुष्यभरात एकालाच ‘अहो’ म्हणून हाक मारली, आणि तो म्हणजे ताप. बाकीची सगळी सृष्टी तिच्या लेखी अरे-तुरेची होती. ढगांमुळे सूर्य उशिरा दिसला तर ती अंगणात उभी राहून त्याला जाब विचारायची. जोतिबाशी तिचं चाललेलं बोलणं नव्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटावं, देव हिच्या रानात सालगडी आहे आणि काल न सांगता घरी गेला होता. दरबारचा पट्टेवाला काही निरोप घेऊन दारात आला, की ‘का रं, माझ्या दारात काय सांडलंय तुझं?’ असा प्रश्न घरातून यायचा. तो ऐकून बिचारा निरोप विसरायचा, परत कचेरीत जायचा आणि पुन्हा धाडला जायचा. तिच्या आवाजाची तर काही मोजदादच नव्हती. मागच्या परड्यात म्हशीला घातलेली शिवी पेठेच्या टोकाला गाडीवानाला लागायची, आणि तो बैल थांबवून ‘मी काय केलं?’ म्हणून मागं बघायचा. सगळी गल्ली तिला आत्ती म्हणायची. मी नवा असताना मान ठेवून ‘अहो आत्ती’ म्हणालो, तर तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “अहो म्हनाय मी काय ताप हाय?” तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. पण त्या दिवसापासून मी तिला ‘अगं’ म्हणू लागलो, आणि ती मला कोकण्या म्हणू लागली. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी घाटाखालचा. वडील गेले तेव्हा मराठी चौथीत होतो. त्यानंतर शाळेनं माझी वाट पाहिली असेल तर मला ठाऊक नाही. पुढं मोठा झाल्यावर कोल्हापुरात एका शिंपीमास्तरांच्या दुकानात काजं करायला लागलो. मास्तर मुसलमान, पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मनानं मोकळे आणि कैचीच्या बाबतीत फार कडक. त्यांनीच मला आत्तीच्या परड्यातली खोली मिळवून दिली. मी स्वभावानं भित्रा, म्हणजे नुसता भित्रा नव्हे, बारीक लक्ष देऊन भिणारा. लागोपाठ दोन जांभया आल्या तर मला दम्याची सुरुवात दिसायची. त्या खोलीचं दार आतून नीट लागत नसे. पहिल्याच आठवड्यात मी भीत भीत तसं सांगितलं. आत्ती म्हणाली, “तुझ्यात चोराय काय हाय रं?” आणि दुपारी एका सुताराला जवळजवळ मानगूट धरूनच घेऊन आली, कडी बसेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली, आणि मग मला म्हणाली, “आता मर सुखानं.” परमुलखात माणसाला याहून जास्त माया कुठल्या भाषेत मिळत असेल, तर ती मला अजून भेटलेली नाही.

कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, याची सवय व्हायला मला बराच काळ लागला. आत्तीच्या तोंडी तर ते शोभून दिसायचं. घरात ती एकटीच होती. पहिला प्लेग आला त्या साली तिचा धनी गेला, एवढंच गल्ली सांगायची. ती स्वतः त्या विषयावर अवाक्षर काढत नसे, आणि इतकं बोलणाऱ्या बाईचं एका जागी गप्प होणं माझ्या लक्षात राहिलं होतं.

मी म्हणतो ते दिवस महाराजांच्या राज्यातले. प्लेग तेव्हा दर हंगामाला आसपास फिरत असायचा. कुठल्या गावात उंदीर पडले ही बातमी बाजारात भाज्यांच्या आधी पोचायची. मग पेठा ओस पडायच्या, लोक रानात झोपड्या घालून राहायचे. अशात एके वर्षी दवंडी फिरली, की प्लेगची टोचणी आली आहे, लहानथोर सगळ्यांनी टोचून घ्यावं. शाळेच्या पटांगणात तंबू लागला, त्यात एक तरुण डॉक्टर आणि त्याचं उकळतं भांडं बसलं. लोकांना सुईची तेवढी भीती नव्हती. भीती होती ती सुईनंतरची. टोचून आलेल्या माणसाला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, दंड लाकडासारखा व्हायचा, अंग असं दुखायचं की कूस बदलायलाही दुसऱ्याची परवानगी लागावी. पण आमच्या दुकानात दरबारच्या घोड्यांवरच्या माणसांचे अंगरखे शिवायला यायचे, आणि मास्तरांनी सांगून टाकलं, “टोचून घेतल्याशिवाय कुणी दुकानाची पायरी चढायची नाही. मी बी घेणार, तू बी घेणार.” दिवसभर सुई हातात धरणारा मी, रात्रभर त्या एका सुईच्या विचारानं जागा राहिलो.

आणि इथून आमच्या आत्तीची खरी थोरवी सुरू होते. तापांच्या तिनं दोन जाती ठरवल्या होत्या. एक आलेला ताप आणि एक आणलेला ताप. “आल्याला ताप म्हंजी चोर. मागनं भिंत फोडून आत शिरतोय. पन ह्यो टोचनीचा ताप न्हवं, ह्यास्नी आपुन चालत जाऊन, रांगत हुबं राहून, दंड म्होरं करून बोलावनं दिल्यालं हाय. मंग आल्याव तोंड वाकडं करून कसं चालंल? पावणं हाईत ते.” हे ती इतक्या साधेपणानं सांगायची, की तंबूतला डॉक्टरसुद्धा एकदा ‘बरोबर आहे’ म्हणून गेला आणि मग बराच वेळ भांड्यात बघत बसला. कोल्हापुरात पाहुणा घरी आला की त्याचं काय काय करायचं असतं, हे मला वेगळं सांगायला नको. आत्तीनं त्यातलं काहीही कमी केलं नाही. फक्त तो माणसाच्या अंगात बसलेला असतो, एवढीच सूट धरली.

मी टोचून परत आलो तेव्हा ती उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी होती. “कुठला हात?” म्हणाली. मी डावा दाखवला. माझ्या पायांवर पाणी ओतत ती माझ्या दंडाकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाली, “या. ऊन लागलं आसंल. बसा.” तो आवाज मी त्याआधी ऐकलेलाच नव्हता. मला वाटलं, मागं कुणी मोठा माणूस आला आहे. मी वळून बघितलं. मग तिनं पुढच्या सोप्यात धुतलेलं घोंगडं अंथरलं, मला त्यावर निजवलं, उशाशी पाणी आणि गुळाचा खडा ठेवला. गूळ मी उचलायला गेलो तर हातावर चापट बसली. “तुझा न्हवं. पावण्यांचा.” नियम पुष्कळ होते. पाहुण्याला एकटं टाकायचं नाही, कुणीतरी शेजारी बसून गप्पा मारायच्या. सुजलेल्या दंडाकडे टक लावून बघायचं नाही, पाहुण्याच्या तोंडाकडे असं कुणी बघतं का? विचारल्याशिवाय हळदीचा लेप लावायचा नाही. पाहुण्याच्या कानावर शिवी पडू द्यायची नाही. म्हणून त्या दोन दिवसांत म्हशीला काही सुनावायचं झालं, की आत्ती तिचं दावं सोडून तिला गल्लीच्या पार टोकाला घेऊन जायची, तिथं मनसोक्त सुनावायची, आणि दोघी शांतपणे परत यायच्या.

संध्याकाळी ताप चढला आणि माझ्या काखेत दुखू लागलं. चाचपून बघतो तर गाठ. प्लेगची गाठ काखेत येते हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी मनातल्या मनात आईला हाका मारल्या, घरची वाट आठवली, आणि शेवटी आत्तीला म्हणालो, “आत्ती, मला प्लेग झालाय. माझ्या आईला सांग, मी इथं नीट जेवत होतो.” आत्तीनं दोन बोटांनी काख दाबून बघितली, आणि काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, “गाठोडं हाय त्ये.”

“कसलं गाठोडं?”

“पावण्यांचं. परगावास्नं आलेला मानूस हात हालवत येतोय व्हय? काकंत मारून आणल्यालं गाठोडं हितंच ठेवल्यात. जाताना नेतील.” आणि माझ्या काखेकडे बघून, “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. कोन बी हात लावनार न्हाई.”

आता मी चौथी शिकलेला होतो. गाठोडं म्हणजे काय हे मला कळत होतं. पण सांगतो, त्या शब्दावर मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटला. “पावणं वहाना घालाय लागलं,” असं म्हणून आत्ती लगबगीनं उठली, एका फडक्यात भाकरी आणि गूळ बांधला, आणि पेठ संपते तिथं कळंब्याच्या वाटेवर एक दगड होता, त्याला ती वेस म्हणायची, तिथवर जाऊन शिदोरी ठेवून आली. गाठोडंही दोन दिवसांत गेलं. मी चाचपून खात्री केली.

त्या हंगामात अर्धी गल्ली आत्तीच्या सोप्यात ताप काढून गेली. शेजारच्या पैलवानाला, ज्याच्या पाठीवर तालमीत दोन माणसं उभी राहायची, टोचल्यावर असा ताप भरला की तो ‘आई आई’ करू लागला. आत्तीनं त्याच्या तोंडावर पदर टाकला आणि पाहुण्याची माफी मागितली. “मनाव घिऊ नका. पोरगं अंगानं वाढलंय नुस्तं.” मास्तरांचा ताप आला तेव्हा तिला पेच पडला. मास्तरांना बाजूला घेणं शक्य नव्हतं, कारण पाहुणे त्यांच्या अंगातच होते, म्हणून तिनं सरळ विचारलं, “मास्तर, तुझ्या पावण्यांला आमच्याकडचं चालतंय न्हवं?” मास्तर दात वाजवत म्हणाले, “आत्ती, पावणं दरबारच्या डाक्टराकडनं आलेत. त्यांचं काय बी पथ्य-परहेज दिसत नाही.” तीन दिवस झाले तरी मास्तरांचा ताप हलेना. तेव्हा ते मला हळूच म्हणाले, “एवढा पाहुणचार कशाला करते रे ही? असं घर सोडून पावणा जाईल कशाला?” ते आत्तीच्या कानावर गेलं. तिला राग आला नाही. ती फक्त गुळाचा खडा थोडा लहान ठेवू लागली, आणि ताप चौथ्या दिवशी निघाला.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट माझ्या भित्र्या नजरेतून सुटली नाही. आत्तीनं स्वतः टोचून घेतलं नव्हतं. विचारलं की कारण तयार असायचं. म्हैस व्यायला झालीय. आज सोमवार हाय. डाक्टर लई पोरगं हाय, मिशीबी न्हाई. मग म्हैस व्याली, सोमवार मंगळवार गेले, डॉक्टरला मिशी फुटायची तेवढी राहिली, आणि तंबू उठायची वेळ आली. शेजारच्या गावात उंदीर पडल्याची बातमी आली. आता गल्लीत प्लेगच्या तोंडी द्यायला एकच माणूस शिल्लक होतं, आणि या गावात माझं म्हणावं असंही तेवढं एकच माणूस होतं. माझ्या हातून काजं वाकडी व्हायला लागली. मास्तर म्हणाले, “दरबारचा माणूस घोड्यावरून पडंल या काजांनी. जा, तिला विचार तरी नीट.”

मी परड्यात गेलो. ती रेडकाला पाजत होती. “आत्ती, तू का टोचून घेत नाहीस?” मी विचारलं. तिनं रेडकाचं तोंड आचळाला लावलं. मग म्हणाली, “माझ्याकडं पावणं आल्याव त्यास्नी पानी कोन दील? मी पडून ऱ्हानार, आनि ते उंबऱ्यात हुबं? तसं बोलावनं करून अपमान कराय मी काय येडी हाय?”

“मी देईन,” मी म्हणालो.

“तू?” ती म्हणाली. “लोक आलं की तू खोलीत जाऊन कडी घालतोस.”

हे खरं होतं. म्हणून मग माझी तालीम सुरू झाली. संध्याकाळी ती डोक्यावरून घोंगडं घेऊन बाहेर जायची आणि ताप होऊन परत यायची. तापाचा आवाज, तिच्या मते, खालच्या पट्टीतला आणि खानदानी होता. “हाय का घरात कोन?” ताप विचारायचा. मी तांब्या घेऊन पुढं जायचो. “या, बसा. पाणी घ्या. किती दिवस मुक्काम?” असं मी पहिल्या दिवशी म्हणालो, तर तापानं घोंगडं काढून फेकलं. “दारातच ‘कवा जानार’ म्हनून इचारतोस व्हय रं? मी खरा ताप असतो तर म्हैनाभर हललो नसतो!” दुसऱ्या दिवशी मी सुधारलो. “घरी सगळं बरं आहे ना?” असं विचारलं. ताप जरा गडबडला. तापाच्या घरी कोण कोण असतं याचा आत्तीनं विचार केलेला नव्हता. मग घोंगड्याखालून सावकाश उत्तर आलं, “हाय की बरं. धाकटी खोकल्याच्या घरात दिली.”

“चांगलं स्थळ,” मी म्हणालो. तिथं मी पास झालो.

एकच गोष्ट तिनं परत परत घोकून घेतली. “निघताना ‘या’ म्हनायचं न्हाई. ‘सावकाश जावा’ म्हनायचं. पावण्याला ‘जावा’ म्हनत न्हाईत, मला म्हाईत हाय. पन ह्यास्नी म्हनायचं.” मी मान हलवली. आमच्या घरी निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, आणि राहणारा ‘या’ म्हणतो. ‘जा’ हा शब्द उंबऱ्यात काढला तर आई तोंडावर हात ठेवायची. मी कोल्हापूरला निघालो तेव्हा घाटाच्या पायथ्याशी ती ‘ये हं परत’ एवढंच म्हणाली होती, आणि मी दिसेनासा होईपर्यंत म्हणत राहिली होती.

शेवटी आत्ती तंबूत गेली. लुगड्याची घडी नवी, कपाळ कोरं, चेहरा लढाईला निघाल्यासारखा. डॉक्टरला म्हणाली, “गपगुमान टोच. आनि बोलावनं नीट दे.” डॉक्टर आता या बाबतीत शहाणा झाला होता. त्यानं टोचताना ‘या’ म्हटलं.

ती घरी आली तेव्हा मी तांब्या घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. पाणी ओतताना निम्मं माझ्याच पायांवर पडलं. रात्री जरा कणकण होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ताप असा चढला की तिच्या अंगाजवळ हात नेला तरी जाणवावा. मी शेजारी बसून पाहुण्यांना कोकणातल्या गोष्टी सांगत होतो, नारळ कसा उतरवतात, होडी कशी ओढतात. आत्ती डोळे मिटून होती. मधेच म्हणाली, “धन्याच्या तापाला मी लई बोललो रं.”

मी होडी अर्ध्यात सोडली.

“आंगणात हुबं ऱ्हाऊन बोललो. सकाळधरनं सांजपातूर. भाड्या म्हनलो, मुडद्या म्हनलो. गल्लीनं दारं लावून घेतली. मला वाटलं, भिऊन जाईल. म्हस भितीया, पट्टेवाला भितोय, ह्यो बी भिईल.” तिनं घोंगडं गळ्यापर्यंत ओढलं. “मानी हुता त्यो ताप. रागावला. आनि एकटा गेला न्हाई.”

बाहेर रेडकू ओरडलं. मी पाण्याचा तांब्या उगाच इकडून तिकडं ठेवला. मी पाहुण्यांना आणखी थोडं पाणी घ्यायचा आग्रह केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कपाळावर घाम आला. पाहुणे वहाणा घालत होते. मी भाकरी-गूळ बांधून कळंब्याच्या वाटेवरच्या दगडापाशी गेलो, शिदोरी ठेवली, हात जोडले. सगळं रीतसर झालं होतं. इतकं छान झालं होतं की मला भरून आलं, पाहुणेही मला आपलेच वाटायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “या हं परत.”

मी तिथंच खाली बसलो. कुणी ऐकलं का ते बघितलं. वाटेवर एक शेळी होती. घरी धावत आलो तर आत्ती उठून बसली होती, पेज पीत होती. मला वाटलं, वाचलो. आणि दुपारी तिचं अंग पुन्हा तापलं, कालपेक्षा जास्त. मी घाबरून सगळं सांगून टाकलं. घोंगड्याखालून ती म्हणाली, “तू बोलावलंस. आता तूच बघ.” आणि डोळे मिटून घेतले, ते उघडेनात.

मास्तर येऊन बघून गेले. डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, असं कधीकधी होतं, उतरेल. पण त्याला मिशी नव्हती, आणि तो सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. सगळे गेल्यावर मी अंगणात जाऊन उभा राहिलो. धन्याच्या वेळी ती उभी राहिली होती, बहुधा तिथंच. मी आयुष्यात कुणाशी मोठ्यानं बोललो नव्हतो, पण सोप्यात ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, “अहो पाहुणे, मी परगावचा आहे. मला इथली रीत ठाऊक नाही. ‘या’ म्हणालो, ते आईनं शिकवलं होतं म्हणून म्हणालो. राग धरू नका, तुम्ही आलात ते बरंच केलंत. पण या गावात मला हिच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही निघाल तेव्हा एकटे निघा. एवढंच सांगायचं होतं. गूळ हवा तेवढा देतो.” आणि मग माझा आवाज फुटला, आणि पुढचं काही नीट झालं नाही.

ताप संध्याकाळी उतरला. आत्तीनं डोळे उघडले, आणि म्हणाली, “कोकण्या, बोललास बरं. पन पावण्यांम्होरं रडू ने. त्यास्नी वाटतं, जेवान कमी पडलं.” दगडापाशी मी दुसरी शिदोरी ठेवली. ‘सावकाश जावा’ म्हणालो, आणि तोंड आवळून घरी आलो.

पुढं महिन्याभरानं प्लेग पेठेत शिरलाच. आम्ही कळंब्याच्या वाटेला आत्तीच्या रानात झोपड्या घातल्या. मास्तरांनी शिवणयंत्र बैलगाडीतून आणलं, पैलवान म्हशीशी बोलायला शिकला. आमच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं हंगाम संपल्यावर आपापल्या घरी परत गेली. टोचणीमुळं वाचली असं डॉक्टर म्हणायचा. आत्ती म्हणायची, पावणं घर वळखत हुतं, त्येंनी भाऊबंदास्नी सांगितलं आसंल, ते घर सोडून द्या म्हनून. मी दोघांचेही आभार मानतो. मला त्यात निवड करायचं धाडस नाही.

मग पुष्कळ वर्षं गेली. माझं लग्न त्याच सोप्यात झालं, पोरं तिच्याच मांडीवर खेळली आणि तिच्याच शिव्या शिकली. घाटाखाली मी जाऊन येऊन असायचो, पण राहिलो इथंच. आत्तीचा आवाज हळूहळू बसत गेला. आधी पेठेच्या टोकापर्यंत जायचा बंद झाला, मग गल्लीच्या, मग परड्याच्या. म्हैस गोंधळून तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. आणि एका पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. हा टोचणीचा नव्हता. कुणी बोलावलेला नव्हता. माझी बायको चिडून त्याला काहीतरी बोलायला गेली, तर आत्तीनं हात वर केला. “पानी दे त्यास्नी. न बोलावता आल्यात. पन आल्यात की.”

मी तांब्या आणला, घोंगडं अंथरलं, गूळ ठेवला. घरी सगळं बरं आहे ना, म्हणून विचारलं. आत्ती जरा हसल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, “ह्या बारीला ह्ये एकटं जायाचं न्हाईत बग.”

“अगं, असं काय बोलतेस.”

“पन मी काय बी बोललो न्हाई त्यास्नी. तू हुतास न्हवं? एक शबुद तरी वाकडा बोललो?”

“नाही बोललीस.”

“मंग रागावून न्हेत न्हाईत,” ती म्हणाली. “सोबत म्हनून चालल्यात. धन्याच्या बारीला बी तसंच आसंल.”

ती गेली तेव्हा धन्याच्या भाऊबंदांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. ते उरकल्यावर एका दुपारी मी दोन फडकी घेतली. एकात भाकरी आणि गूळ बांधला. दुसऱ्यात भाकरी आणि खर्डा, कारण तिला गोड आवडत नसे, आणि गुळाचा खडा ती आयुष्यभर फक्त पाहुण्यांसाठी ठेवत आली होती. कळंब्याच्या वाटेवर आता पुष्कळ घरं झाली आहेत. दगड अजून आहे, त्याला पाठ टेकून एक म्हातारा पेरू विकायला बसतो. त्याला जरा सरकायला सांगितलं आणि दोन्ही शिदोऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

पहिलीला हात जोडून म्हणालो, “सावकाश जावा.”

दुसरीला ‘या’ म्हणणार होतो. पण तिला अहो-जाहो चालत नसे. म्हणून, “ये हं परत,” म्हणालो.